ध्वनिमुद्रिका जपायची कोणी?

मुंबईच्या ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ या वाद्यवृंदाची ‘ऑब्सेशन ७७’ ही ध्वनिमुद्रिका १९८१ साली प्रसिद्ध झाली. तीच त्यांची पहिली आणि तीच एकमेव. पुढे थोड्याच वर्षांत ती दुर्मीळ झाली आणि आपल्या स्मरणातूनही गेली. २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन’ या छोट्या कंपनीने ती नव्याने काढली, तेव्हा परदेशी संग्राहकांना आणि त्यांच्यामागून आपल्यालाही कळले की असे काही मुंबईत घडले होते. आपल्याच शहरातील आवाज आपल्याला सातासमुद्रापलीकडून परत मिळावा, ही गोष्ट कौतुकाची आहे की लाजेची, याचा विचार केला पाहिजे.

ज्या संगीताने ही मंडळी भारावली होती त्याचा उगम अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांत आहे. तेथील सामूहिक गायनातून ‘सोल’ संगीत निघाले. १९६७-६८ च्या सुमारास ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ आणि ‘टेम्प्टेशन्स’ यांनी त्याला विजेच्या गिटारीचा विस्कटलेला, स्वप्नवत ध्वनी जोडला. त्या मिश्रणालाच पुढे ‘सायकेडेलिक सोल’ हे नाव पडले. नागरी हक्कांच्या लढ्याची धग त्यात होती. मुंबईच्या तरुणांपर्यंत ती धग किती पोहोचली आणि निव्वळ ठेका किती, यावर दुमत होऊ शकेल. मात्र चित्रपटसृष्टीच्या आश्रयावाचून उभे राहण्याची त्यांची धडपड खरी होती. त्या काळी अशा वाद्यवृंदांना आधार तरी कोणाचा? १९७० आणि १९७१ च्या ‘सिमला बीट’ स्पर्धांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्या एका सिगारेटच्या जाहिरातीच्या पैशावर!

हा सारा प्रकार मराठी माणसाला परका होता असेही नाही. ज्येष्ठ रंगकर्मी आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे काही काळ याच वाद्यवृंदात गात होते. अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ते जुडास झाले, आणि पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’च्या प्रयोगातही त्यांचा सहभाग होता. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्याला त्यांच्या तरुणपणीचा आवाज ऐकायचा झाला, तर त्याने कोणत्या सरकारी ग्रंथालयात जावे?

या प्रश्नाचे उत्तर कायद्यात शोधू गेल्यास हाती निराशा येते. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये या देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ग्रंथालयांना पाठवावी लागते. १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रांची भर पडली. ध्वनिमुद्रिकांचा मात्र त्यात समावेश नाही. वस्तुतः १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, त्याला कायदा होतेवेळी अर्धशतक उलटून गेले होते. फ्रान्समध्ये ग्रंथांप्रमाणे ध्वनिमुद्रणेही राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करावी लागतात. आपल्याकडे चार आण्यांची चोपडी जपण्याची सक्ती झाली, गाणे वाऱ्यावर राहिले.

याउलट मालकीच्या बाबतीत कायदा जागरूक आहे. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९८१ च्या या ध्वनिमुद्रिकेवरील हक्क २०४१ च्या अखेरपर्यंत सुरक्षित आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मानधनातील वाटाही मिळवून दिला. या सुधारणा स्वागतार्ह आहेत. परंतु हक्क साठ वर्षे राखायचा आणि ज्या वस्तूवर तो हक्क आहे तिची एकही प्रत राखायची नाही, या व्यवस्थेला काय म्हणावे?

मुंबईच्या ध्वनिमुद्रिकेची ही गत, तर भंडारा जिल्ह्यातील आवाजांची काय कथा! तुमसर तालुक्यातील आंबागडचा किल्ला सुमारे १७०० मध्ये देवगडच्या बख्त बुलंदच्या अमलात बांधला गेला आणि पुढे भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला, हे इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरात नोंदले गेले. दगडांची दखल सरकारने घेतली. पण त्याच परिसरात धान निघाल्यावर भरणाऱ्या मंडईत रात्र जागवणारी दंडार आणि खडी गंमत यांचे आवाज कोणत्या दप्तरात आहेत? झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ही समाधानाची गोष्ट. तरी गौरव व्यक्तीचा झाला. तिच्यामागे उभ्या असलेल्या शेकडो कंठांची नोंद राहिलीच.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात मुद्रणयंत्र आहे, मग चिंता कसली? आज आंबागडचा एखादा मुलगाही चार मित्र जमवून आपले पहिले गीतसंच जगापुढे ठेवू शकतो, हे खरे. परंतु ते जगापुढे राहते ते वितरकाच्या मर्जीवर. काही वितरकांचे वार्षिक शुल्क थकले की गाणी उतरवली जातात. तबकडी निदान कोणाच्या तरी माळ्यावर पडून राहत असे. या गाण्यांच्या नशिबी माळाही नाही. दुसरा आक्षेप असा की, सगळेच गाणे जपण्याच्या योग्यतेचे नसते. मान्य! पण १९५४ चा कायदा पुस्तकाची योग्यता विचारत नाही. ती काळाने ठरवावी, आणि त्यासाठी काळाच्या हाती काही शिल्लक असावे लागते.

तेव्हा मागणी साधी आहे. १९५४ च्या कायद्यात ध्वनिमुद्रणांचा समावेश व्हावा आणि छोट्या, स्वतंत्र वाद्यवृंदांकडून त्यासाठी शुल्क घेऊ नये. विदर्भापुरते बोलायचे तर नागपूर आणि गोंडवाना या विद्यापीठांनी ध्वनिसंग्रहाची जबाबदारी वाटून घ्यावी. हक्काची मुदत संपेपर्यंत हे संग्रह अभ्यासकांना जागेवर बसून ऐकता यावेत, म्हणजे कलावंताच्या उत्पन्नालाही धक्का लागणार नाही.

कायदा होईल तेव्हा होवो. तोवर गावोगावच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी एक काम हाती घ्यावे. घरातील जुन्या कॅसेटींवर आणि फोनमधील ध्वनिमुद्रणांवर गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवावी. नाव नसलेला आवाज ऐकू येतो, पण त्याची साक्ष काढता येत नाही. आणि पुढच्या पिढीला आपली साक्ष काढावीशी वाटेल तेव्हा तिला परदेशी संग्राहकाचे दार ठोठवावे लागू नये.