आईचा व्यवसाय

फर्स्ट इयरला ॲडमिशन घेताना होस्टेलचा एक फॉर्म भरावा लागतो. तुम्हीही भरला असेल. त्यात 'वडिलांचा व्यवसाय' आणि 'आईचा व्यवसाय' असे दोन रकाने असतात. पहिल्या रकान्यात मी 'शेती' लिहिलं. दुसऱ्यात पेन थोडं अडखळलं. शेजारच्या मुलाच्या फॉर्मवर 'शिक्षिका' होतं, त्याच्या पुढच्याच्या फॉर्मवर 'बँक अधिकारी'. मी मुकाट्याने 'गृहिणी' लिहिलं आणि फॉर्म देऊन टाकला.

माझी आई गृहिणी नाही. म्हणजे घर तर ती सांभाळतेच, पण त्याशिवाय ती शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावची आशा आहे. गावात तिला सगळे 'आशाताई' म्हणतात. कुणाच्या घरी दिवस गेलेत, कुणाचं बाळ दूध ओढत नाही, कुणाच्या सासऱ्याची टीबीची गोळी चुकली, हे सगळं तिच्या डोक्यात आणि एका फुगलेल्या रजिस्टरमध्ये असतं. मला मात्र तेव्हा वाटलं, हे काय लिहायचं! पगार नाही, ऑफिस नाही, नुसती पिशवी घेऊन उन्हातान्हात फिरायचं...

त्या खोट्या रकान्याबद्दल आज लिहायला बसलोय. आणि त्यानिमित्ताने आपल्या सगळ्यांच्या डोक्यातल्या एका समजुतीबद्दलही.

समजूत अशी, की आरोग्य म्हणजे हॉस्पिटल. मोठी बिल्डिंग, मशीन, लिफ्ट, एसी. निवडणूक आली की पुढारी हॉस्पिटलचं आश्वासन देतात आणि आपण टाळ्या वाजवतो. सेवाभावी संस्था म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते मोफत शिबिर आणि फळवाटप. आपल्या गॅदरिंगच्या आठवड्यातही आपण तेच करतो. दोन डझन केळी, आठ पेशंट, पंधरा विद्यार्थी आणि चाळीस फोटो!

मलाही हे खटकत नव्हतं. पण एनएसएसच्या शिबिरात एका सरांनी जामखेडची गोष्ट सांगितली आणि माझ्या डोक्यात किडा सोडला. नंतर लायब्ररीत जे मिळेल ते वाचत गेलो.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघे 1970 साली तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. त्यांनी दवाखाना सुरू केलाच, पण लवकरच त्यांच्या लक्षात आलं की दारात येणारे बहुतेक आजार मुळात टाळता येण्यासारखे आहेत. अस्वच्छ पाणी, अपुरं अन्न, चुकीच्या रूढी. मग त्यांनी प्रशिक्षित नर्स गावोगाव पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. बाहेरून आलेली शिकलेली बाई गावात रुजत नव्हती आणि गाव तिचं ऐकत नव्हतं. तेव्हा त्यांनी गावालाच विचारलं, तुमच्यातली एक बाई द्या. आल्या त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, दलित होत्या, परित्यक्ता होत्या. त्यांना बाळंतपण, जुलाब, लसीकरण, कुष्ठरोगाची लक्षणं सगळं शिकवलं. परिसरातला बालमृत्यूचं प्रमाण 1971 साली हजारी 176 होतं. पुढच्या पाव शतकात ते तिसाच्या खाली आलं.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट औषधाची नाही, पाण्याची आहे. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात संस्थेने गावांत बोअर घेतल्या, तेव्हा हातपंप दलित वस्तीत बसतील असं पाहिलं. पाणी हवं तर सगळ्या गावाने तिथे यायचं! भाषण नाही, मोर्चा नाही, फक्त पंपाची जागा बदलली. सिव्हिलच्या मित्रांनो, साईट सिलेक्शनचं याहून चांगलं उदाहरण तुमच्या सिलॅबसमध्ये असेल तर मला दाखवा.

दुसरी गोष्ट गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 च्या सुमारास तिथे 'सर्च'चं काम सुरू केलं. लहान मुलं न्यूमोनियाने जात होती. न्यूमोनिया ओळखायची साधी खूण म्हणजे बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा होतो ते मोजणं. दोन महिन्यांखालच्या बाळाचा साठ किंवा त्याहून जास्त झाला तर धोका. पण गावच्या दाईला साठपर्यंत मोजताच येत नसेल तर? आपण असतो तर म्हणालो असतो, आधी दाईला शिकवा. त्यांनी उलट केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ घेतलं आणि त्याला मण्यांच्या दोन ओळी जोडल्या, एक तान्ह्या बाळासाठी, एक मोठ्या मुलासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया! ना बॅटरी, ना डिस्प्ले.

पुढे त्यांनी 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब देणं, वजन घेणं, जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडल्यास इंजेक्शन देणं. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या हिशेबाने, नवजात बाळांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले होते. 1999 साली हे 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 2005 साली देशात आशा योजना आली आणि 2011 पासून हेच घरोघरचं नवजात बाळाचं काम आशांकडे सोपवण्यात आलं.

हे वाचलं तेव्हा लायब्ररीत मी सुन्न बसलो होतो. कारण हे काम मी रोज घरात बघत होतो! तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी या सहा भेटी द्यायच्या. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आई त्यासाठी गोल करायची, आणि मला वाटायचं ते दूधवाल्याचे खाडे आहेत.

आता एक प्रसंग सांगतो. मी सेकंड इयरच्या दिवाळीत घरी गेलो होतो. आईकडे बाळ तोलायचा स्प्रिंगचा काटा आहे, झोळीत बाळ ठेवून वर धरायचा. त्यावर रंगीत पट्टे असतात, अडीच किलोच्या वर हिरवा. मूळची झोळी फाटली म्हणून आईने जुन्या गोधडीची जाड झोळी शिवली होती. त्यामुळे रिकाम्या झोळीलाच काटा दोन घरं पुढे जायचा, म्हणजे दोनशे ग्रॅम. आईला हे ठाऊक होतं. दरवेळी ती मनातल्या मनात दोन घरं वजा करायची. एका घरी तिसऱ्या दिवशीची भेट होती. काटा अडीच किलोवर, हिरव्याच्या कडेला. आईने दोन घरं वजा केली, बाळाच्या तळव्यांना हात लावला, ते गार होते. दूधही ओढत नव्हतं. ती म्हणाली, धुळ्याला न्या. बाळाची आजी म्हणाली, "हिरव्यात तर शे, मग कशाला धुळं?" आई झोळीचं वजन समजावत राहिली. पण रंगापुढे तिचं कोण ऐकणार? शेवटी तिने तिथेच हिशेब करून दाखवला. एक किलोचा साखरेचा पुडा झोळीत ठेवला, काटा एक किलो दोनशे दाखवू लागला. तेव्हा कुठे बाळाच्या वडिलांनी गाडी काढली.

रात्री ती मला म्हणाली, "भाऊ, हाऊ काटा खोटं बोली ऱ्हायना. देख जरासा."

मी पाहिलं. वरचा शून्य जुळवायचा स्क्रू गंजून बसला होता. रॉकेलचे दोन थेंब, पाच मिनिटं थांबलो, स्क्रू फिरवला, काटा झोळीसकट शून्यावर आला. फर्स्ट इयरच्या फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला 'झिरो एरर' हा शब्द मी जर्नलमध्ये कॉपी करून लिहिला होता. तो चुकला की काय होतं, हे त्या रात्री कळलं. ते बाळ वाचलं. पण काट्यावर विश्वास ठेवून घरच्यांनी दोन दिवस वाट पाहिली असती तर? मी मेकॅनिकलला दीड वर्ष शिकत होतो, आणि तो स्क्रू त्या सगळ्या दिवसांत आमच्याच घरी खुंटीला टांगलेल्या पिशवीत होता.

मग मला अर्थातच उत्साह आला. मिनी प्रोजेक्टला मी 'स्मार्ट काटा' करायला घेतला. लोड सेल, एलसीडी, सगळा थाट. सुट्टीत घरी नेऊन दाखवला. आईने दोन गोष्टी सांगितल्या. एक, बाळ हलतं तसा आकडा पळतो, वाचू कोणता? दोन, हा डबा पिशवीत ठेवला तर रजिस्टर कुठे ठेवू? व्हायव्हाला एक्स्टर्नलने विचारले नाहीत असे प्रश्न सातवी शिकलेल्या बाईने दोन मिनिटांत विचारले! बंग डॉक्टरांनी आधी दाईची अडचण पाहिली, मग यंत्र बनवलं. मी आधी यंत्र बनवलं आणि मग आईकडे गेलो. फरक एवढाच.

माझे मित्र इथे एक मुद्दा काढतात. म्हणतात, संस्थांनीच सगळं करायचं तर सरकार कशाला? मुद्दा बरोबर आहे. जामखेड असो, शोधग्राम असो, या संस्था फार तर काहीशे गावांना पुरतात. महाराष्ट्रात चाळीस हजारांवर गावं आहेत. पण माझं मत असं की संस्थेचं खरं काम गावं मोजणं नाही. जे अशक्य वाटतं ते एका कोपऱ्यात करून दाखवायचं, त्याचा हिशेब ठेवायचा, आणि मग सरकारला म्हणायचं, बघा, होतं! सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आजूबाजूच्या गावांत सुगीला ज्वारी गोळा करून आरोग्य विमा चालवला. ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, भूमिहीनाची कमी. आपल्याकडे खळ्यावर दादर निघते, तेव्हा बलुत्याचा वाटा काढायची रीत आजोबांच्या वेळेपर्यंत होतीच की. तीच रीत दवाखान्याला लावली. त्यात भीक नाही, उपकार नाही. पेशंट हा मालक होतो.

आणि हे सगळं लांब विदर्भातच असतं असंही नाही. शिंदखेड्याहून सुरतकडे जाणारी गाडी धरा. दोंडाईचा, नंदुरबार गेलं की चिंचपाडा स्टेशन लागतं. तिथलं ख्रिश्चन हॉस्पिटल स्वातंत्र्याच्या आधीपासून आदिवासी भागात काम करतंय. आपल्यापैकी कितीजण त्या गाडीने खिडकीत बसून गेलेत, आणि कितीजणांना हे माहीत होतं? मला नव्हतं.

पण सरकारने संस्थांची पद्धत घेतली, तशी ती माणसंही सांभाळायला हवीत. आशाला कागदोपत्री 'स्वयंसेविका' म्हणतात. म्हणून पगार नाही, कामागणिक मोबदला. त्या सहा भेटींचे, बेचाळीस दिवसांचे, केंद्राच्या दराने मिळून 250 रुपये. एका भेटीला बेचाळीसही पडत नाहीत. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा सन्मान केला. आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आतच महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी मुंबईला आझाद मैदानावर बसल्या होत्या. 2024 साली राज्याने मानधन वाढवलं, पण नाव अजून 'स्वयंसेविका'च आहे. सेवा स्वखुशीने करावी हे ठीक, पण जिच्या भरवशावर सगळी यंत्रणा उभी आहे तिला स्वयंसेविका म्हणणं हा मला तरी मोठाच झिरो एरर वाटतो. सुरुवातीलाच चूक, आणि पुढची सगळी मापं चुकीची!

मग आपण काय करायचं? मोर्चे काढा असं मी म्हणत नाही. माझी सूचना साधी आहे. येत्या गॅदरिंगला फळवाटपाऐवजी 'काटा तपासणी' ठेवूया. मेकॅनिकलवाल्यांनी प्रमाणित वजनं घ्यावीत, इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी थर्मामीटर आणि बीपीची यंत्रं तपासावीत. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परवानगी घेऊन आशांच्या मीटिंगच्या दिवशी जायचं. खर्च शंभर-दोनशे रुपये. फोटो काढायला काही नसेल, स्क्रूचा फोटो कोण लाईक करणार! आणि फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय ठरवण्याआधी जो माणूस ते यंत्र वापरणार त्याच्याबरोबर एक दिवस फिरायचं. सर, मॅडम, याला दहा मार्क ठेवता आले तर बघा ना. मार्कांशिवाय आम्ही हलत नाही हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. मागच्या महिन्यात मी ऑफिसात जाऊन तो रकाना दुरुस्त करून घेतला. क्लार्ककाकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "आशा म्हणजे नोकरी लिहू की धंदा?"

मी म्हणालो, "काका, नुसतं 'आशा' लिहा."

त्यांनी 'गृहिणी'वर रेघ मारली, वर बारीक अक्षरात 'आशा' लिहिलं आणि बाजूला माझी सही घेतली. सही करताना पेन अडखळलं नाही.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी