आधी गोठा मोकळा करा

वेरूळच्या कैलास लेण्याच्या जोत्यावर दगडी हत्तींची रांग आहे. आठव्या शतकात ती कोरणाऱ्यांना हत्ती चांगलाच ठाऊक होता. माणसाने हजारो वर्षे हत्तीला कामाला लावले, पण बैलासारखी त्याची जात कधी घडवली नाही. रानातून धरायचा आणि शिकवायचा, हीच रीत. हत्तीण सुमारे २२ महिने गाभण राहते आणि पिल्लू कामाला यायला वर्षे जातात. हत्तीची बुद्धी ही त्याची स्वतःची कमाई आहे.

मग पिढ्यान्‌पिढ्या हुशार नर-माद्या निवडत गेलो, तर एखादा प्राणी माणसाइतका बुद्धिमान होईल का? माझ्या मते नाही; आणि तसा घाट घालूही नये.

मराठवाड्यातल्या पशुपालकांनी देवणी आणि लाल कंधारी या जाती जोपासल्या. वळू निवडताना बांधा, चाल, रंग डोळ्यांना दिसतात. बुद्धीला असे एक माप नाही. अमेरिकेत रॉबर्ट ट्रायन यांनी भुलभुलैयातून कमी चुका करत वाट काढणारे उंदीर निवडून त्यांचा वंश वाढवला. काही पिढ्यांत ‘हुशार’ आणि ‘मंद’ असे दोन वंश वेगळे झाले. पण पुढे इतर कसोट्यांत हुशारांची सरशी टिकली नाही. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी मोठ्या मेंदूचे गप्पी मासे निवडून वाढवले. त्यांच्या माद्या संख्या ओळखण्याच्या कसोटीत सरस ठरल्या, पण त्या माशांची आतडी लहान झाली आणि पिल्लेही कमी झाली. मेंदू फुकट वाढत नाही.

माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा वेगळ्या होऊन सुमारे ६० लाख वर्षे झाली. भाषा, हात, लांबलचक बालपण, एकमेकांना शिकवण्याची सवय हे सगळे त्यात एकत्र घडत गेले. एका गुणावर बोट ठेवून ते घडवता येणार नाही.

आणि समजा, घडले. साखळी म्हणजे काय हे ज्याला कळते, त्याला बांधायचा, विकायचा, कापायचा अधिकार कोणाला? निवडीत मागे पडलेल्या हजारो जनावरांचे काय करायचे?

कॅनडात कूपर आणि झुबेक यांनी १९५८ साली दाखवलेली गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. खेळायला-हुंदडायला भरपूर वाव असलेल्या पिंजऱ्यात वाढलेले ‘मंद’ उंदीर हुशारांच्या जवळपास बरोबरीला आले. पशुपालकांना म्हणूनच विनंती: वासराला दिवसभर खुंट्याला जखडू नका, त्याला कळपात हुंदडू द्या आणि गोऱ्ह्याला मारून शिकवू नका.