शिबिराचा बांध पहिल्या पावसात का वाहतो?

सुगी संपली की गावोगाव शिबिरे सुरू होतात. कॉलेजची पोरे-पोरी सतरंज्या आणि पातेली घेऊन शाळेत उतरतात, सकाळी प्रभातफेरी, दुपारी कुदळ-फावडे, रात्री व्याख्यान. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली, आणि सात दिवसांचे निवासी शिबिर हा तिचा भागच आहे. शहरातले पोर आठवडाभर गावात झोपते, आपल्या चुलीवरची भाकरी खाते, ही चांगलीच गोष्ट आहे. आमची तक्रार पोरांबद्दल नाही. आमची तक्रार हिशेबाबद्दल आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शिवारात असेच एक शिबिर आले. पोरांनी ओढ्यात दगडी बांध घातला. हाताला फोड आले तरी कुणी कुदळ सोडली नाही. समारोपाला पाहुणे आले, हार झाले, फोटो निघाले. जूनमध्ये पहिला वळीव कोसळला आणि सकाळी जाऊन पाहतो तो बांधाचे दगड खालच्या रानात पसरलेले. ज्याच्या रानात पसरले त्याने ते चार दिवस वेचले. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

बांध वाहिला कशाने? आम्ही मागाहून विचार केला तेव्हा कारणे साधी निघाली. माथ्यावर एकही चर नव्हता, त्यामुळे डोंगराचे सगळे पाणी एकदम ओढ्याला आले. बांधाला सांडवा ठेवला नव्हता. त्याची दोन्ही टोके काठात नीट रोवली नव्हती. हे सांगणारा जाणता माणूस कामावर हजर नव्हता. आणि दिवस तरी किती? सातांतला पहिला दिवस सामान लावण्यात, शेवटचा भाषणांत. उरले पाच दिवस, रोज चार तास. वीस तासांत ओढा अडत नाही.

पण मुळातले कारण याहून खोल आहे. ते काम फुकट होते. फुकट कामाचे मोजमाप कोणी घेत नाही. मोजमाप नाही म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून जबाबदार कोणी नाही.

हेच काम दुसऱ्या पद्धतीने करून दाखवलेले आहे. अमेरिकेत मंदीने कारखाने बंद पडले, शेतमाल मातीमोल झाला, तरुण रिकामे हिंडू लागले, तेव्हा १९३३ साली रूझवेल्ट सरकारने 'सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर' उभी केली. साधारण दोनशे तरुणांची एक छावणी. मुदत सहा महिने, पुढे वाढवता येणारी. महिना ३० डॉलर मजुरी, त्यातले २५ डॉलर थेट घरी. १९४२ साली योजना बंद झाली तोवर ३० लाखांच्या आसपास तरुण तिच्यातून गेले. सुमारे ३०० कोटी झाडे लागली, डोंगरांत पायवाटा झाल्या, धूप झालेल्या रानांत बांध पडले.

त्या छावण्यांत आपण घ्यावे असे काय होते? कामावर त्या भागातले अनुभवी माणूस पगारावर नेमलेले असत. माती वाचवण्याच्या छावण्यांत शेतकऱ्याशी पाच वर्षांचा लेखी करार होई. सरकार मजूर आणि तंत्र देई, शेतकरी बांध राखण्याचे आणि पिकांची पद्धत बदलण्याचे कबूल करी. म्हणजे पोरे निघून गेल्यावरही कामाला धनी राही. दोष होतेच. काळ्या तरुणांच्या छावण्या वेगळ्या ठेवल्या आणि बायांना त्यांत जागाच नव्हती. आपण ती चूक करायचे कारण नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी कुणी फोडली, पाट्या कुणी वाहिल्या, हे आपल्या मायबहिणींना सांगायला नको.

कोणी म्हणेल, सगळेच पैशात मोजता का? श्रमाचा संस्कार काही आहे की नाही? आहे. बाबा आमट्यांनी सोमनाथला श्रमसंस्काराची छावणी भरवली, तिथे घाम गाळलेली माणसे जन्मभर वेगळी झाली. २०१६ ते २०१९ या काळात वॉटर कपसाठी गावेच्या गावे पंचेचाळीस दिवस चर खणत होती, तेही आम्ही पाहिले. पण त्या चरांवर एक प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही, तो आम्ही विचारतो. माथ्यावर चर खणला भूमिहीनाने, पाणी उतरले पायथ्याच्या बागायतदाराच्या विहिरीत. एकाची पंचेचाळीस दिवसांची मजुरी बुडाली, दुसऱ्याचा ऊस पिकला. याला दान म्हणायचे की वेठ?

हा प्रश्न सरकारला विचारण्याआधी आपल्यालाच विचारला पाहिजे. पायथ्याचे विहीरवाले आपल्यातच आहेत. आमच्यातलेही काही आहेत.

म्हणून आमचे म्हणणे असे. तालुक्याला वीस तरुण-तरुणींची एक निवासी तुकडी असावी. निम्मी त्याच गावची, निम्मी बाहेरची. मुक्काम खरिपाची सुगी उरकल्यापासून मृगापर्यंत. काम माथ्याकडून पायथ्याकडे. समपातळी साध्या ए-फ्रेमने काढावी, ती आखायला अर्ध्या दिवसात शिकता येते. मजुरी मोजमापावर द्यावी आणि ती आठवडी बाजाराच्या आत हातात पडावी. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने देशाच्या आधी, १९७७ साली केला. कामाला दाम देणे ही आपल्याला परकी कल्पना नाही.

याच तुकडीने पाणंदीही धराव्यात. पाणंद गाडीने बिघडते त्याहून जास्त तिच्यावरून वाहणाऱ्या पाण्याने बिघडते. आधी बाजूला चर काढून पाणी उतरवा, मग मुरूम टाका. नुसता मुरूम टाकला तर तो एका पावसाळ्याचा पाहुणा.

आणि दुरुस्ती? ज्याच्या विहिरीला पाणी वाढेल त्याने दरवर्षी मे महिन्यात दुरुस्तीचा वाटा उचलावा. लेखी. शिबिराची पोरे जरूर यावीत, त्यांनी या तुकडीच्या हाताखाली काम करावे. त्यांचा संस्कारही होईल आणि बांधही टिकेल.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात : एक ओढा, एक पाणंद, आणि दुरुस्तीचा वाटा देणाऱ्यांची नावे. पहिल्या दोन सगळे आणतील. तिसरी यादी ज्या गावाची येईल, त्या गावापासून सुरुवात करू.