द्राक्षातील वीज आणि घरचे मापक

नाशिकजवळ एकलहरे येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. तेथील जनित्रांतून हजारो अँपिअरचा विद्युत्प्रवाह निघतो आणि तो मोजावयास मोठमोठी यंत्रे बसविलेली असतात. त्याच नाशिकच्या एखाद्या द्राक्षात तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा दिलेला खिळा एकमेकांस न लागतील असे खोचले, तर तेथेही वीज निर्माण होते. ती इतकी अल्प असते की तिने दिवा लागत नाही, बोटाला झिणझिण्याही येत नाहीत. मग ती आहे हे कशावरून मानावयाचे? पुस्तकात छापले आहे म्हणून? माझ्या मते एवढ्यावर समाधान मानू नये. असा सूक्ष्म प्रवाह मोजण्याचे साधन प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतःच्या हातांनी तयार करावे.

हे काम वाटते तितके अवघड नाही. तारेतून वीज वाहू लागली की जवळच्या होकायंत्राचा काटा हलतो, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी १८२० साली दाखविले. तारेचे वेढे वाढविले की हा परिणामही वाढतो, हे त्याच वर्षी जर्मनीत श्वाइगर यांनी ओळखले. आपल्या मापकाला याहून अधिक विद्या लागत नाही. निफाड-दिंडोरीकडे शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणारी दुकाने असतात. मुलामा दिलेल्या बारीक तांब्याच्या तारेचे तुकडे तेथे मिळू शकतात. अशा तारेचे सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाचे २०० वेढे घ्यावेत आणि टोकांवरील मुलामा खरवडून काढावा. ते वेटोळे उत्तर-दक्षिण रेषेत उभे ठेवून मधोमध लहानसे होकायंत्र ठेवावे. १ मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग, एवढ्या प्रवाहाने त्याचा काटा सुमारे ७ अंश फिरतो. भिंतीतील विजेशी मात्र या यंत्राचा कधीही संबंध येऊ देऊ नये. तो खेळ जिवावर बेतेल.

कोणी म्हणेल, बाजारात काही शे रुपयांत अंक दाखविणारा मीटर मिळतो, तो अधिक अचूकही असतो. मग हा खटाटोप कशाला? मीटर अधिक अचूक असतो हे मला मान्य आहे. परंतु त्याच्या पडद्यावरील अंकावर विश्वास का ठेवावा, हे तो मीटर सांगत नाही. घरच्या यंत्राला प्रथम अंकच नसतात. ते आपण द्यावे लागतात. दीड व्होल्टच्या नव्या घटाला रेडिओच्या दुकानातील दीड हजार ओहमचा रोध जोडला की १ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. तेव्हा काटा जेथे थांबेल तेथे खूण करावी. तसाच आणखी एक रोध पुढे जोडला की प्रवाह निम्मा होतो. तेथे दुसरी खूण. या खुणा होईपर्यंत आपले यंत्र प्रवाह नुसता दाखवीत असते. खुणा झाल्या की ते मोजू लागते. मीटर अवश्य आणावा. पण नंतर, आपल्या खुणा पडताळण्यासाठी.

सुईला मात्र आपला प्रवाह आणि परका प्रवाह यांतील भेद कळत नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने सुया विचलित होतील हे जाणून संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारविली. तिच्या बांधकामात लोखंड टाळले. ती १९०४ साली सुरू झाली, तरी १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी नोंदी चालूच होत्या, म्हणजे जुन्या मोजमापाचा नव्याशी मेळ घालता आला. आपणही निदान चाव्यांचा जुडगा आणि मोबाइल टेबलावरून दूर ठेवावा!

एका द्राक्षाने काटा जेमतेम दोन अंश हलेल. येथे आरशाची युक्ती उपयोगी पडते. घागऱ्यावर शिवतात तसल्या चिमुकल्या आरशामागे चुंबक केलेल्या सुईचा तुकडा चिकटवून तो रेशमी धाग्याने वेटोळ्यात टांगावा व त्यावर विजेरीचा झोत टाकावा. आरसा दोन अंश वळला की परावर्तित किरण चार अंश वळतो, आणि दोन मीटरवरील भिंतीवर प्रकाशाचा ठिपका सुमारे १४ सेंटिमीटर सरकतो. प्रकाशाच्या या काट्याला वजन नाही.

विल्यम टॉमसन यांनी हीच युक्ती अटलांटिक समुद्राखालील तारेसाठी १८५८ साली योजिली. कंपनीचे विद्युत्तज्ज्ञ व्हाइटहाउस यांचा मात्र प्रचंड दाबावर भर होता. त्यांनी आधीच सदोष असलेल्या तारेवर सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला, आणि ती काही आठवड्यांतच निकामी झाली. पुढे १८६६ साली दोन नव्या तारा तयार झाल्या. त्यांची अमेरिकेकडील टोके एकमेकींस जोडली गेली. आयर्लंडमध्ये लॅटिमर क्लार्क यांनी शिवणकामाचे चांदीचे अंगुस्तान घेऊन त्यात आम्लाचे काही थेंब व जस्ताचा तुकडा टाकला. तेवढ्या विजेवर संदेश समुद्र ओलांडून गेला आणि परत आला. कारण तो टिपणारे यंत्र आरशाचे होते. आपले द्राक्ष त्या अंगुस्तानाचेच भावंड होय.

यंत्र तयार झाल्यावर एक प्रयोग अवश्य करावा. दहा द्राक्षे एकापुढे एक जोडावीत; एकाचा खिळा, दुसऱ्याची तार. विजेचा दाब दहापट होईल, पण काटा जवळजवळ एका द्राक्षाइतकाच हलेल. मग सर्व तारा एकत्र आणि सर्व खिळे एकत्र जोडावेत. आता तो चांगलाच फिरेल. असे का होते ते मी येथे सांगत नाही. मात्र कारण तारेत नसून द्राक्षाच्या रसात आहे. प्रयोग झाल्यावर ती द्राक्षे खाऊ नयेत, टाकून द्यावीत.