सीमारेषेचा इतिहास कोणी लिहावयाचा?

दर वर्षी 17 सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वज फडकतो, हुतात्मा स्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली जातात, मंत्र्यांची भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी मुक्तिसंग्राम पुन्हा वर्षभरासाठी कपाटात बंद होतो. या समारंभातील इतिहास फार थोडक्यात आटोपतो. निजाम जुलमी होता, रझाकार क्रूर होते, सरदार पटेलांनी सैन्य धाडले आणि 1948 च्या सप्टेंबरात पाच दिवसांत हैदराबाद मुक्त झाले. यातील एकही विधान खोटे नाही. तरीही या चार विधानांनी मिळून एक मोठे असत्य उभे केले आहे. ज्या जनतेने दहा वर्षे हा लढा चालविला ती त्यातून नाहीशी झाली आहे आणि जमिनीचा प्रश्नही तिच्याबरोबर पुसला गेला आहे.

हे असत्य उघडे पाडण्यास जुना नकाशा पुरेसा आहे. इंग्रजी अमदानीच्या नकाशात सोयगाव शोधून पाहावे. हा भाग अजिंठ्याच्या डोंगराखाली, खानदेशाच्या अंगाला आहे. वाघूरचे पाणी तापीला मिळते. येथल्या माणसाचा बाजार, सोयरीक आणि बोली खानदेशाशी जुळलेली. पण नकाशातील रेषेने सोयगाव आणि फर्दापूर निजामाच्या पिवळ्या रंगात ढकलले आणि शेजारचे शेंदुर्णी-पाचोरे इंग्रजांच्या तांबड्या रंगात. रेषेच्या अलीकडे हाली सिक्का, उर्दूतील दफ्तर आणि करोडगिरीचे नाके. पलीकडे कलदार रुपया आणि इंग्रजांचा कायदा. ही रेषा कोणत्याही शेतकऱ्याला विचारून आखलेली नव्हती. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईच्या रणांगणावर मराठी फौजांचा पराभव झाला. त्याच वर्षअखेरीस सुर्जी अंजनगावच्या तहात शिंद्यांना अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील मुलूख सोडावा लागला आणि तो पुढे निजामाच्या पदरात पडला. मुलखाबरोबर माणसेही अशीच हस्तांतरित झाली.

असईचा विजेता आर्थर वेलस्ली डब्लिनला जन्मला होता, आयर्लंडच्या जमीनदार वर्गात. हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही, कारण नकाशा आणि जमीन यांचे नाते साम्राज्यशाहीने प्रथम आयर्लंडमध्येच पक्के केले. सतराव्या शतकात विल्यम पेटीने त्या देशाची मोजणी केली, ती आयरिश लोकांच्या जप्त केलेल्या जमिनी इंग्रज सैनिकांना आणि सावकारांना वाटून देण्यासाठी. 1824 मध्ये तेथे नवी मोजणी सुरू झाली, ती करआकारणीसाठी. 1846 पर्यंत शेताशेताचा नकाशा तयार झाला आणि त्याच सुमारास बटाट्याच्या दुष्काळाने सुमारे दहा लक्ष माणसे मृत्युमुखी पडली. प्रत्येक बांध कागदावर होता, पण बांधावरच्या उपाशी कुळाची नोंद ठेवण्याचे कोणाला प्रयोजन नव्हते. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचा प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट 1829 साली आयर्लंडला जाऊन तेथील मोजणीची साधने पाहून आला. त्याच धर्तीच्या धातूच्या पट्ट्या मग हिंदुस्थानात आल्या. राज्यकर्त्यांची विद्या अशी एका वसाहतीतून दुसऱ्या वसाहतीत फिरत होती.

जनतेची विद्याही फिरत होती. महाराष्ट्राने आयरिश लढ्याकडे फार पूर्वीपासून लक्ष ठेवले होते. डब्लिनचा ईस्टरचा उठाव 24 एप्रिल 1916 रोजी सुरू झाला आणि टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना बेळगावला त्याच आठवड्यात, 28 एप्रिलला झाली. लीगचे नावच आयर्लंडकडून आलेले होते. पण आयर्लंडकडून घ्यावयाचा महत्त्वाचा धडा त्यानंतरचा आहे आणि तो आपण घेतला नाही.

स्वतंत्र आयर्लंडने 1947 ते 1957 या काळात आपल्या स्वातंत्र्ययोद्ध्यांच्या साक्षी लिहून घेतल्या. अशा 1,773 साक्षी जमल्या. गावोगावचे साधे कार्यकर्ते, निरोप पोचविणाऱ्या स्त्रिया, आगगाडीवरचे कामगार त्यांत बोलतात. सरकारने त्या दीर्घकाळ कुलुपात ठेवल्या आणि 2003 मध्ये खुल्या केल्या. उशीर झाला, परंतु कागद शिल्लक होता. त्यावरून आज कोणीही उठून अधिकृत कथेला प्रश्न विचारू शकतो.

आपल्याकडे काय झाले? 1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि सत्याग्रह झाला. त्याच वर्षी औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील विद्यार्थी वंदे मातरम् म्हणण्याच्या हक्कासाठी उभे राहिले. 1947-48 मध्ये सरहद्दीवरच्या कॅम्पांतून तरुणांनी नाक्यांवर हल्ले केले. या सर्वांची कथा स्वामी रामानंद तीर्थांनी आपल्या आठवणींत आणि अनंत भालेरावांनी 1987 मधील आपल्या ग्रंथात लिहून ठेवली, म्हणून निदान तिचा सांगाडा तरी उरला. पण सरहद्दीवरच्या खेड्यात रात्री भाकरी बांधून देणाऱ्या बाईची साक्ष कोणी घेतली? हजारो साक्षी निवृत्तिवेतनाच्या अर्जांत पडून आहेत. कोठे लढलो, कोणाबरोबर, कोणत्या कॅम्पात, हे त्या माणसांनी स्वतः लिहून दिलेले आहे. शासनाने त्या अर्जांकडे केवळ खर्चाची बाब म्हणून पाहिले. पुढे बनावट स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणे न्यायालयात गेली, तेव्हा तर खऱ्या-खोट्या सर्वांचे कागद एकाच संशयाच्या फडक्यात बांधले गेले.

ही पोकळी रिकामी राहिलेली नाही. ती धर्मद्वेषाने भरून काढण्याचा उद्योग जोरात चालू आहे. मुक्तिसंग्राम म्हणजे हिंदूंचा मुसलमानांशी झगडा, असे आता उघड सांगितले जाते. असे सांगणाऱ्यांनी शोएबुल्ला खान हे नाव उच्चारावे. ‘इमरोज’ या उर्दू पत्राच्या या तरुण संपादकाने भारतात विलीन होण्याची बाजू मांडली आणि ऑगस्ट 1948 मध्ये त्याची हत्या झाली. रझाकारांचे अत्याचार लपविण्याचे आपल्याला कारण नाही. ते नावनिशीवार सांगितलेच पाहिजेत. परंतु त्याच न्यायाने पंडित सुंदरलाल समितीचा अहवालही वाचला पाहिजे. नेहरूंनी पाठविलेल्या या समितीने लष्करी कारवाईच्या काळात आणि नंतर किमान 27 ते 40 हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. उस्मानाबाद आणि नांदेड हे अतिशय होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी होते. हा अहवाल अनेक दशके दडवून ठेवण्यात आला. जो समाज आपल्या शत्रूचेच तेवढे गुन्हे मोजतो, त्याला इतिहास नको असतो, हत्यार हवे असते.

धर्माच्या या कोलाहलात जमिनीचा प्रश्न सोयीस्करपणे बुडून जातो. संस्थानातील सुमारे 40 टक्के भूमी निजामाच्या सरफ-ए-खासमध्ये आणि जहागिरींत होती. जहागीरदारांत मुसलमान होते तसे हिंदूही होते. 1949 मध्ये जहागिरी नष्ट झाल्या, पण जहागीरदारांना भरपाई मिळाली. ज्या निजामाविरुद्ध लोक तुरुंगात गेले तो 1950 मध्ये राजप्रमुख झाला, वर्षाला 50 लाख रुपयांचा तनखा घेऊन. कुळांच्या वेठबिगारीची भरपाई कोणी मोजली नाही. या व्यवहाराबद्दल 17 सप्टेंबरच्या भाषणात एक शब्दही का निघत नाही, याचा विचार कार्यकर्त्यांनी करावा.

काही साथी म्हणतील की कार्यकर्त्याने मोर्चे काढावेत, कागद चाळणे प्राध्यापकांचे काम आहे. हा युक्तिवाद आत्मघातकी आहे. गायरानाचा, इनामाचा, कुळाच्या हक्काचा तंटा आजही जुन्या नोंदीवर ठरतो, आणि ती नोंद ज्याला वाचता येते तो जिंकतो. जमीनदाराने कागद कधीच क्षुल्लक मानला नाही. भूमिहीनाच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनी तरी तो का मानावा?

म्हणून सोयगावसारख्या प्रत्येक सीमेवरच्या तालुक्यात तीन कामे हाती घेतली पाहिजेत. निवृत्तिवेतनाचे जुने अर्ज अभ्यासासाठी खुले करण्याची मागणी करावी आणि त्यांच्या प्रती तालुक्याच्या वाचनालयात ठेवाव्यात. गावांचे जुने नकाशे आणि मोडी-उर्दू दफ्तरे नष्ट होण्यापूर्वी त्यांची यादी करावी. आणि हयात असलेल्या वृद्धांची, विशेषतः स्त्रियांची, दलितांची आणि मुसलमानांची साक्ष लिहून घ्यावी. उर्दू दफ्तर वाचण्यासाठी आपल्याला उर्दू जाणणाऱ्या शेजाऱ्याच्या दारी जावे लागेल. ज्याला परका ठरविण्याचा उद्योग चालला आहे त्याच्याच मदतीने आपल्या मुक्तीचा इतिहास उलगडणार आहे, हे ध्यानात ठेवावे.

रेषा राजांनी आणि सेनापतींनी आखल्या. त्या पुसण्यासाठी जनता झगडली. तिची साक्ष आज लिहून घेतली नाही, तर उद्या तिच्या नावाने दुसरेच कोणी साक्ष देतील.