दुपार रसिकांना वर्ज्य नाही



‘भरदुपारी, तेही नाममात्र तिकिटात अभिजात कला रुजत नाही’, हे गेल्या आठवड्यातील पत्रलेखकांचे म्हणणे पटले नाही. ऑक्टोबर १९३९ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत पियानोवादक मायरा हेस यांनी दुपारी एकच्या मैफली सुरू केल्या. तिकीट एक शिलिंग. दुसऱ्या महायुद्धातील ब्लॅकआउटमुळे संध्याकाळच्या मैफली जवळपास थांबल्या होत्या. बॉम्बवर्षावात मैफली तळघरात हलल्या, पण साडेसहा वर्षे चालल्या. सँडविच खाणारे लोक मोझार्टही मन लावून ऐकत.

आपला मुंबईचा काळा घोडा महोत्सव १९९९ पासून विनामूल्य आहे. त्याने कलाकारांची पत घटली नाही. राहिला वेळेचा प्रश्न. सहाला सुटलेल्या फोर्टमधल्या नोकरदाराचे चित्त बदलापूर लोकलमध्ये असते. दीडला डबा संपवून मात्र तो अर्धा तास निवांत बसू शकतो. शिवाय वृंदावनी सारंग हा मध्यान्हीचा राग. संध्याकाळच्या मैफलींत त्याचा नंबर लागणार कधी?

हिवाळी महोत्सवांनी दुपारच्या मैफली जरूर ठेवाव्यात. फक्त दीडची मैफल दीडलाच सुरू करा. दीपप्रज्वलन आणि सत्कार संध्याकाळी उरका.

– एक वाचक, मुलुंड