बियाण्यातला आईचा वाटा

सायवनच्या बाजूला मृगाच्या सरी आल्या की राबावर बियाणे टाकायची घाई होते. बियाणे कणगीतले की दुकानातले, हा प्रश्न तेव्हा घरोघरी असतो. दुकानदार भाव सांगतो, उतारा सांगतो. दाण्याच्या पोटात काय आहे, ते कोणी सांगत नाही.

पेशीचा कारभार केंद्रक चालवते आणि भोवतीचे पेशीद्रव्य हुकूम पाळते, असे आपण शाळेत शिकलो. ते अर्धेच खरे. पेशीद्रव्यातल्या तंतुकणिकांना स्वतःची जनुके असतात आणि भातात ती आईकडून येतात. परागकणातून बापाचे येते ते मुख्यतः केंद्रक. या दोघांचे पटले नाही, तर पराग वांझ निघतो.

संकरित भात उभा आहे तो याच बेबनावावर. भात एरवी स्वतःच्याच परागाने फळतो. संकर करायचा तर फुलाफुलातले पुंकेसर काढत बसावे लागेल. एकरभर शेतात ते कोण करणार? १९७० साली चीनच्या हैनान बेटावर वांझ परागाचा एक रानभात सापडला. त्याच्या पेशीद्रव्यात लागवडीच्या भाताचे केंद्रक पुनःपुन्हा संकर करून बसवले आणि आयती 'आई' मिळाली. बापाकडून आलेले जनुक दोघांचा समेट घडवते, म्हणून शेतकऱ्याच्या खाचरात दाणा भरतो. १९९८ साली कर्जतच्या संशोधन केंद्रातून आलेला 'सह्याद्री' हा असाच संकरित वाण.

उत्पन्न वाढते, यात वाद नाही. पण त्याचा दाणा पुढल्या वर्षी पेरला तर रोपे एकसारखी येत नाहीत, काही लोंब्या पोचट राहतात. म्हणजे दरसाल खरेदी आली. चार गुंठ्यांच्या धन्याला हे पेरण्याआधी कळायला नको का?

आणखी एक. बाजारात नावे पुष्कळ, केंद्रकेही वेगवेगळी; पण यातल्या बहुतेकांचे पेशीद्रव्य त्या एकाच रानभाताचे. अमेरिकेला असे एकसुरी पेशीद्रव्य मक्यात भोवले, तेही १९७० सालीच. 'टेक्सास' पेशीद्रव्याच्या मक्यावर करपा पडला आणि देशातले सुमारे १५ टक्के पीक गेले. भातावर अशी पाळी आलेली नाही, एवढ्यावर मी तरी निश्चिंत राहणार नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, कौतुकही झाले. बाकीच्या गावठी वाणांची आठवण कृषी खात्याला कधी होणार? संकरित बियाणे खुशाल वाटावे. त्याच फेरीत प्रत्येक पाड्यावरच्या जुन्या वाणाचे पायलीभर बी जमा करून निराळे लावावे. आणि शेतकऱ्यानेही निदान एक खाचर घरच्या भाताचे ठेवावे, मळणी वेगळी करावी.